गर्भनिरोधक देताना मोबाइलमध्ये काय बघता? अ‍ॅप, चकती आणि आपली ओपीडी

सातपुडा_एमओ

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातल्या एका पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे. या विभागात डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट बरेच आहेत म्हणून इथे धागा काढतोय, पण ज्या बायकांनी ही साधनं वापरली आहेत त्यांचे अनुभवही हवेत, किंबहुना ते जास्त हवेत.

पाळणा लांबवायला काहीतरी द्या म्हणून जी बाई येते तिला दुसरं काहीच नाही असं आमच्याकडे फार कमी वेळा होतं. कुणाची टीबीची औषधं चालू असतात, कुणाला फिट येतात, कुणाला सिकलसेल, कुणाचं बीपी वर, कुणाचं बाळ चार महिन्यांचं आणि अंगावर पितंय. आता हिला माला-एन (इस्ट्रोजेन असलेली रोजची मिश्र गोळी) द्यायची, अंतराचं तीन महिन्यांचं इंजेक्शन द्यायचं, छाया (इस्ट्रोजेन नसलेली आठवड्याची गोळी) द्यायची की तांबी बसवायची हे ठरवायला डब्ल्यूएचओचे निकष आहेत, आम्ही त्याला एमईसी म्हणतो, पहिल्यांदा १९९६ मध्ये आले. प्रत्येक आजार आणि प्रत्येक साधन यांच्या जोडीला एक आकडा. १ म्हणजे बिनधास्त द्या, २ म्हणजे फायदा धोक्यापेक्षा जास्त, देता येतं, ३ म्हणजे धोका सहसा फायद्यापेक्षा जास्त, दुसरं काही जमत असेल तर ते बघा, ४ म्हणजे देऊच नका. आकडे सोपे आहेत पण आजार साठाच्या वर, साधनं दहा-बारा, आणि एका आजाराच्या पोटात वय, बाळंतपणाला किती दिवस झाले, बीपी किती असे उपप्रकार. पाठ कसं राहणार?

अमेरिकेत काम करणाऱ्या एका मैत्रिणीने सीडीसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचं, अ‍ॅप दाखवलं. नाव साधंच, कॉन्ट्रासेप्शन. आजारावरून शोधा नाहीतर साधनावरून, आकडा समोर. मला आवडलं. पण दोन गोष्टी अडतात. एक, अमेरिकेसाठी लिहिलेलं इथे किती धरायचं? दोन, पेशंटसमोर फोन काढावा का? इकडे बाई लगेच म्हणते, डॉक्टर मोबाइल बघतोय, याला काही येत नाही वाटतं.

काय करता तुम्ही?

—

कोकणकन्या

चांगला विषय. वाचतेय.

—

मेघना_ओहायो

मी इथे नर्स प्रॅक्टिशनर आहे, फॅमिली क्लिनिकमध्ये. हे अ‍ॅप मी रोज उघडते, अगदी पेशंट समोर बसलेली असताना. थोडं सविस्तर लिहिते कारण बाहेरून नुसता आकड्यांचा तक्ता वाटतो आणि त्याचा दुसरा अर्धा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही.

अ‍ॅपमध्ये दोन पुस्तकं एकत्र आहेत. एक एमईसी, म्हणजे कुणाला काय चालेल. दुसरं एसपीआर, म्हणजे द्यायचं ठरलं की कसं द्यायचं. सीडीसीने डब्ल्यूएचओच्या निकषांवरून स्वतःचे निकष २०१० मध्ये काढले, मग २०१६ मध्ये सुधारले आणि परत २०२४ मध्ये. मला रोज उपयोगी पडतो तो हा दुसरा भाग. गोळी सुरू करायच्या आधी काय तपासायचं? बीपी. बस. आतून तपासणी नको, पॅप स्मिअर नको, रक्ताची यादी नको. इंजेक्शनला तर तेवढंही नको. तांबीला मात्र आतून तपासणी लागते, ती टाळता येत नाही. आता विचार करा किती बायका केवळ 'आधी सगळ्या तपासण्या करून या' ऐकून परत येतच नाहीत.

दुसरं म्हणजे गरोदर नाही ना हे कसं ठरवायचं. पाळी सुरू होऊन सात दिवसांच्या आत आहे, शेवटच्या पाळीनंतर संबंध आलेला नाही, आधीचं साधन नीट वापरतेय, गर्भपाताला सात दिवस झालेले नाहीत, बाळंतपणाला चार आठवडे झालेले नाहीत, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पूर्ण अंगावर पितंय आणि पाळी आलेली नाही. यातलं एक जरी असेल आणि गरोदरपणाची काही लक्षणं नसतील तर आजच सुरू करा. पाळी येईपर्यंत थांबा म्हणून परत पाठवायचं कारण उरत नाही.

२०२४ च्या सुधारणेत तांबी बसवताना दुखतं यावर पण नीट लिहिलंय, लिडोकेनने दुखणं कमी होऊ शकतं, तिच्याशी आधी बोला, असं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण वर्षानुवर्षं बायकांना 'चिमटा बसल्यासारखं वाटेल' एवढंच सांगितलं जायचं.

पेशंटसमोर फोनचं म्हणाल तर मी स्क्रीन तिच्याकडे वळवते. 'हे बघ, तुला मायग्रेन आहे ना, त्यापुढे या गोळीला काय लिहिलंय.' आतापर्यंत कुणी नाराज झालेलं नाही, उलट जास्त प्रश्न विचारतात.

—

जुना_जाणता

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे निकष डॉक्टरच्या डोक्यात असायला हवेत. बीपी वर असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी नको, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकतं त्यांना नको, बाळंतपणानंतर लगेच नको, पस्तिशीच्या पुढे सिगारेट ओढते तिला नको. एवढं ज्याला पाठ नाही त्याने फोन काढून काय होणार? आम्ही अ‍ॅपशिवाय चाळीस वर्षं काम केलं.

—

सिस्टर_यवतमाळ

सर नमस्कार. तुमचं बरोबर आहे हो पण तुमच्याकडे पेशंट येत होते ते तुमच्याकडे, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. आमच्या उपकेंद्रात मी एएनएम एकटी आहे, डॉक्टर आठवड्यातून एकदा. आशाताई बाईला घेऊन येते आणि मला त्याच वेळी ठरवायचं असतं, नाहीतर ती बाई परत येत नाही, मजुरी बुडते तिची. आम्हाला ट्रेनिंगमध्ये चकती मिळाली होती, पुठ्ठ्याची, गोल फिरवायची, केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजनवाल्यांची. आजार फिरवून लावला की खिडकीत आकडे दिसतात. रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलीय मी ती.

आणि बाईसमोर चकती फिरवली तर कुणी म्हणत नाही हिला येत नाही म्हणून. फोन काढला तर वाटतं व्हॉट्सअ‍ॅप बघतेय.

—

सातपुडा_एमओ

सिस्टर, +१. चकती माझ्याकडे पण होती, बदलीच्या गडबडीत आधीच्या पीएचसीला राहिली.

जाणते सर, तुम्ही लिहिलेले चारही मुद्दे बरोबर आणि ते मलाही पाठ आहेत. माझी अडचण पाचव्या, दहाव्या, विसाव्या मुद्द्याची आहे. खरं उदाहरण देतो. टीबीची औषधं चालू असलेली बाई, दोन लेकरं, माला-एन मागत होती कारण बहिणीला ती मानवली होती. आता टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना गोळीचा असर कमी होतो, म्हणून तिथे ३. सिस्टर म्हणाल्या मग छाया द्या, त्यात इस्ट्रोजेन नाही. पण छायाच्या आपल्या सरकारी पुस्तिकेत जुनाट आजारांत टीबीचं नाव घेऊन नको म्हटलंय. अंतराला रिफाम्पिसिन असताना १. तांबीला पण १, पण तोच टीबी ओटीपोटातला असेल तर तांबी बसवायला ४! आणि आधीच बसवलेली असेल आणि मग ओटीपोटाचा टीबी निघाला तर ३. हे सगळं त्या पाच मिनिटांत डोक्यातून काढायचं, बाहेर चाळीस पेशंट.

तिने शेवटी अंतरा घेतलं. पाळी अनियमित होईल, कदाचित बंदच होईल, आणि बंद केल्यावर परत दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात, हे सगळं सांगून. तिला चाललं.

—

टीबी_सुपरवायझर

हे फार महत्त्वाचं लिहिलंत डॉक्टर. आमच्या कार्डावर बाई गरोदर आहे का विचारतात, पण गर्भनिरोधक कोणतं घेते हे फार कमी ठिकाणी विचारलं जातं. गोळी घेतेय म्हणून निश्चिंत असते आणि टीबीच्या औषधांच्या मधेच दिवस जातात, मग घरात सगळे तिलाच बोलतात की गोळी नीट घेतली नसशील. तिने नीटच घेतलेली असते.

—

गौरी_मुलुंड

डॉक्टर नाही, पेशंट म्हणून लिहितेय. मला कॉलेजपासून अर्धशिशी, दुखायच्या आधी वीसेक मिनिटं एका बाजूला झिगझॅग चमकतं. लग्नानंतर एका क्लिनिकमध्ये (नाव लिहीत नाही) डोकं दुखतं का एवढंही न विचारता गोळ्या दिल्या. वर्षभर घेतल्या. नंतर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं काय काय औषधं चालू आहेत आणि त्या खुर्चीतून उठल्याच, आजच बंद करा म्हणाल्या. पक्षाघाताचा धोका असतो हे मला तेव्हा कळलं. जाणते सर, तुम्ही म्हणता हे सगळ्यांना पाठ असायला हवं, हो असायलाच हवं, पण नव्हतं ना. फोनमध्ये बघून विचारलं असतं तर मला अजिबात वाईट वाटलं नसतं.

—

जुना_जाणता

गौरीताई, तुमच्या बाबतीत झालं ते अक्षम्य आहे. डोकं दुखण्याचा इतिहास विचारणं ही पहिली पायरी आहे. मात्र माझा मुद्दा परत तोच, ज्याला विचारायचं सुचलं नाही त्याने अ‍ॅपही उघडलं नसतं.

—

मेघना_ओहायो

सर, इथे मला थोडं वेगळं वाटतं. साधनावरून शोधलं की त्या गोळीपुढे सगळ्या आजारांची यादी येते, मायग्रेन त्यात आहे, तिथे 'ऑरासह' आणि 'ऑराशिवाय' असे दोन वेगळे आकडे आहेत. ते दोन आकडे दिसले की विचारावंच लागतं, चमकतं का म्हणून. यादीच प्रश्न सुचवते.

—

नाना_सदाशिव

सगळं वाचलं. त्या अ‍ॅपमध्ये नवऱ्यांचा कप्पा आहे का हो? का इथे पण सगळं बाईच्याच डोक्यावर?

—

सिस्टर_यवतमाळ

नाना 😀 आमच्याकडे निरोधच्या पेटीपाशी कुणी नाही बघून येतात आणि मूठभर नेतात. पण नसबंदीचं नाव काढलं की गावातून पसार.

—

सातपुडा_एमओ

नाना, प्रश्न गमतीत विचारलात पण उत्तर आहे. डब्ल्यूएचओच्या निकषांत पुरुष नसबंदीचा वेगळा भाग आहे. तिथे १ ते ४ नाही, चार अक्षरं आहेत. ए म्हणजे करा, सी म्हणजे काळजी घेऊन करा, डी म्हणजे आत्ता थांबा, एस म्हणजे खास सोय असलेल्या ठिकाणी करा. आणि पुरुषांच्या यादीत अडचणी फार थोड्या आहेत. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. हा फरक कुठल्याच वैद्यकीय कारणाने पडलेला नाही.

—

ग्रंथकीटक

अवांतर: र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. प्राध्यापकी गेली, खटले झाले, पण माणूस बोलायचा थांबला नाही. शंभर वर्षांनंतर बाईला अजून गोळी देताना डोकं दुखतं का विचारलं जात नाही हे वाचून त्रास झाला. चालू द्या.

—

गडचिरोली_मित्र

मूळ प्रश्नाकडे येतो, अमेरिकेचं इथे किती धरायचं. आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे कारण सिकलसेल.

डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत सिकलसेल असलेल्या बाईला मिश्र गोळी म्हणजे आपली माला-एन, २. इंजेक्शन १. सीडीसीच्या २०२४ मध्ये तीच मिश्र गोळी ४ आणि इंजेक्शन २ किंवा ३. एकीकडे द्या म्हणतात, दुसरीकडे अजिबात देऊ नका! अमेरिकेने हे बदललं ते रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्याकडे बघून, सिकलसेलमध्ये मुळात गुठळ्या आणि पक्षाघाताचा धोका असतोच, त्यात इस्ट्रोजेनची भर. मला स्वतःला हे पटतं. आमच्या भागात सिकलसेल असलेल्या मुलीला छातीत दुखायला लागलं तर सीटी स्कॅनपर्यंत पोचायला किती तास लागतात हे मला माहीत आहे. म्हणून मी मिश्र गोळी टाळतो. तांबी दोन्हीकडे २, पण या मुलींचं हिमोग्लोबिन मुळात सात-आठ असतं आणि तांबीने पाळी जास्त जाते, तेव्हा तिथेही नुसता आकडा बघून होत नाही.

इंजेक्शनवर मात्र माझं मन दोन्हीकडे आहे. अंतरा मिळतं, फुकट आहे, आणि पाळी कमी झाल्याने रक्त वाचतं. गरोदरपण या मुलींना सगळ्यात जड जातं, जिवावर बेततं. आकडा ३ आहे म्हणून इंजेक्शन नाकारलं आणि दुसरं काही दिलं नाही, तर आपण तिला जास्त मोठ्या धोक्यात ढकललं.

—

मेघना_ओहायो

+१००. ३ म्हणजे 'नाही' असं वाचायची सवय आमच्याकडे पण आहे. दुसरं काही मिळत नसेल किंवा तिला चालत नसेल तर ३ असताना देता येतं, समजावून आणि लक्ष ठेवून. पण डब्ल्यूएचओने हेही लिहिलंय की जिथे तपासणीची, निर्णयाची सोय कमी आहे तिथे १ आणि २ म्हणजे हो, ३ आणि ४ म्हणजे नाही असं धरा. सिस्टर एकट्या उपकेंद्रात असतील तर त्यांनी ३ ला डॉक्टरांकडे पाठवावं, ते बरोबरच आहे. डॉक्टरने मात्र तिथेच थांबू नये.

फरक अजून आहेत, माहीत असावेत. अंगावर पाजणारी आई: आमच्याकडे बाळंतपणाला सहा आठवडे उलटले की मिश्र गोळी २ होते. डब्ल्यूएचओ सहा आठवडे ते सहा महिने ३ धरतं. इंजेक्शनला उशीर: आमच्याकडे दोन आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी बिनदिक्कत द्या, डब्ल्यूएचओ चार आठवडे म्हणतं.

—

सिस्टर_यवतमाळ

अंतराला चार आठवडे हेच आम्हाला शिकवलंय, आणि तारखेच्या दोन आठवडे आधी आली तरी द्यायचं. हे दोन आठवड्यांचं कुणी नवीन मुलगी अमेरिकेच्या अ‍ॅपमध्ये बघून सांगायला लागली तर आमच्या बायका परत जातील. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की तीन आठवडे उशीर होतोच. म्हणून मला वाटतं आपल्याकडे आपलंच वापरावं. बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर माला-एन नाही हे पण आमच्या आशांना पक्कं माहीत आहे, त्यात घोळ नको.

—

फार्मसी_नाक्यावर

मेडिकल दुकान आहे, निमशहरी भाग. सगळ्यात जास्त काय खपतं तर ७२ तासवाली गोळी. पोरं येतात, कागदात गुंडाळून मागतात. मी सांगतो की ही नेहमीची नाही, आणि जितकी लवकर तितकी चांगली. पण एक विचारायचं होतं, फिट्सची औषधं चालू असलेल्या बाईला नेहमीची गोळी देताना पण टीबीसारखंच बघायचं का? माझ्याकडे एक नेहमीचं गिऱ्हाईक आहे, तिचे चिठ्ठीवर दोन्ही येतात, वेगवेगळ्या डॉक्टरांकडून.

—

सातपुडा_एमओ

हो! फार चांगला प्रश्न. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असेल तर मिश्र गोळीला ३, गोळीचा असर कमी होतो. लॅमोट्रिजिन असेल तरी ३ पण तिथे उलटं आहे, गोळीमुळे लॅमोट्रिजिनची पातळी खाली जाते आणि फिट येऊ शकते. व्हॅल्प्रोएटने गोळीचा असर कमी होत नाही, पण ते औषध चालू असताना दिवस राहणं बाळाला फार वाईट, म्हणून तिला तर पक्कं साधन हवंच. यातल्या कशालाही अंतरा आणि तांबी चालते. तिला चिठ्ठ्या घेऊन एका डॉक्टरकडे पाठवा. तुम्ही दोन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारे एकटेच आहात बहुतेक.

—

फार्मसी_नाक्यावर

कार्बामाझेपिनच आहे. उद्याच सांगतो तिला. गोळी अचानक बंद करायला सांगत नाही, डॉक्टरला दाखवेपर्यंत सोबत निरोध वापरा म्हणतो, बरोबर ना?

—

सातपुडा_एमओ

अगदी बरोबर. फिटची गोळी पण अजिबात बंद करायची नाही हे दोनदा सांगा.

—

आयटी_हमाल

डॉक्टर नाही पण अ‍ॅप बनवतो म्हणून एक वेगळा मुद्दा. असं अ‍ॅप कोण अपडेट करणार हे बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये सीडीसीत मोठी नोकरकपात झाली तेव्हा हे गर्भनिरोधकांचे निकष सांभाळणाऱ्या गटातले लोक पण गेले अशा बातम्या होत्या. आज माहिती बरोबर आहे, २०२४ ची आहे. पण पुढे नवं संशोधन आलं आणि अ‍ॅप तसंच राहिलं तर वापरणाऱ्याला कळणार कसं? पुस्तकावर निदान साल छापलेलं असतं, अ‍ॅप नेहमी ताजंच वाटतं.

—

मेघना_ओहायो

बातमी खरी आहे आणि त्याने आम्ही सगळेच हादरलो होतो. इतकी वर्षं जगभरचे अभ्यास वाचून एकेक आकडा ठरवणारी माणसं होती ती. अ‍ॅपमध्ये कोणत्या सालचे निकष आहेत ते लिहिलेलं असतं, ते बघायची सवय मी आमच्या नवीन मुलींना लावते.

—

सई_ताम्हणकरवाडी

मी लग्न न झालेली, २६. एका ठिकाणी तांबीबद्दल विचारायला गेले होते तर ऐकून घेतलं, मग म्हणाल्या मूल झाल्याशिवाय बसवत नाही. दुसरीकडे म्हणाल्या लग्न झालंय का. अ‍ॅपमध्ये याला काय आकडा आहे? खरंच विचारतेय.

—

मेघना_ओहायो

सई, मूल न झालेल्या बाईला तांबी २. वीस वर्षांच्या आतल्या मुलीलाही २. म्हणजे देता येते. लग्नाचा तर रकानाच नाही.

—

जुना_जाणता

यात मी मेघनाताईंशी सहमत आहे. आमच्या काळी मूल न झालेल्या बाईला तांबी नको असं शिकवलं जायचं, जंतुसंसर्गाच्या भीतीने. पुढचा पुरावा तसा नाही. संसर्ग आधीच असेल तर गोष्ट वेगळी, तो तपासून घ्यावा. पाठांतराचा हा तोटा मला मान्य केला पाहिजे, जे एकदा पाठ झालं ते बदललं तरी डोक्यातून निघत नाही. अनेक समव्यावसायिक अजून तेच सांगतात.

—

कोकणकन्या

सर 🙏 हे वाचून छान वाटलं. आणि नवऱ्याची सही लागते का? माझ्या जावेला टाके घालायच्या ऑपरेशनला सांगितलं होतं नवऱ्याला आणा.

—

सिस्टर_यवतमाळ

नाही लागत ताई. ऑपरेशनला पण जोडीदाराची संमती लागत नाही, सरकारचाच नियम आहे. तिची स्वतःची सही. पण हे कुठल्या अ‍ॅपात नाही, हे आम्हीच सांगायचं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत.

—

गडचिरोली_मित्र

अजून एक, आपल्याकडचं साधन त्या अ‍ॅपमध्ये नाहीच हा सगळ्यात मोठा फरक. छाया म्हणजे सेंटक्रोमन, लखनौच्या सीडीआरआयमध्ये शोधलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. आमच्याकडे बाळंतिणी सगळ्यात आधी हीच विचारतात कारण दुधावर परिणाम नाही. सीडीसीच्या यादीत ती नाही, डब्ल्यूएचओच्या पण नाही. तिच्यासाठी आपली पुस्तिकाच उघडायची: पीसीओएस, नुकती झालेली कावीळ किंवा लिव्हरचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, टीबी यांत नको. उलट त्या अ‍ॅपमधली अर्धी साधनं, पॅच, रिंग, आपल्या स्टोअरला आयुष्यात येणार नाहीत. उगाच स्क्रीनवर गर्दी.

—

नाना_सदाशिव

म्हणजे कुणीतरी मराठीत करा की एक. अंतरा, छाया, माला-एन, दोन्ही तांब्या, ऑपरेशन, निरोध. एवढीच साधनं आणि आपले आजार. आशाताईंना वाचता येईल असं.

—

आयटी_हमाल

नाना, करायला मी एका पायावर तयार आहे, रेंजशिवाय चालेल असं. पण आकडे मी भरणार नाही. ते जबाबदार डॉक्टरांनी भरायचे, दुसऱ्यांनी तपासायचे, सरकारी पुस्तिकेशी ताडून बघायचे आणि पहिल्या पानावर साल टाकायचं. चुकलेला एक आकडा किती जणींपर्यंत जाईल विचार करा. आणि बाईचं नाव, गाव, फोन काहीही विचारणार नाही, तो रकाना ठेवायचाच नाही.

—

सातपुडा_एमओ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी काय करणार ते लिहितो.

तालुक्याला चकत्या आहेत का ते विचारून पीएचसी आणि प्रत्येक उपकेंद्राला एकेक मागवतो. सिस्टर आणि सीएचओंनी (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी) तीच वापरायची, सरकारी पुस्तिका सोबत, कारण आपला साठा, आपलं वेळापत्रक, अंतराचे चार आठवडे, सगळं त्यातच आहे. सीडीसीचं अ‍ॅप माझ्या फोनवर राहील. किडनीचा जुनाट आजार, अवयव प्रत्यारोपण, ल्युपस असली गुंतागुंत आली की बघेन, किडनीचा भाग त्यांनी २०२४ मध्ये नव्याने घातलाय आणि डायलिसिसवरच्या मुली आता आमच्याकडे पण येतात. दोन्हीकडचा आकडा वेगळा निघाला तर जिल्ह्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन. सिकलसेलला मिश्र गोळी माझ्याकडूनही बंद, हे आजच सिस्टरांना सांगितलं. आणि फोन मेघनाताईंसारखा बाईकडे वळवून दाखवायला सुरुवात केलीय, काल पावरी बोलणाऱ्या एका आजीने सुनेच्या आधी स्वतः वाकून पाहिलं.

आयटी_हमाल, व्यनि करतो. जाणते सर, तपासणाऱ्यांत तुमचं नाव मी धरलंय, नाही म्हणू नका.

—

जुना_जाणता

धरा. मात्र मला कागदावर छापून पाठवा, स्क्रीनवर तपासणार नाही.

—

टीबी_सुपरवायझर

रिफाम्पिसिनची ओळ ठळक करा एवढीच विनंती. आणि औषधं संपल्यावर पण चार आठवडे गोळीवर भरवसा ठेवू नये हे पण टाका, ते कुणी सांगत नाही.

—

आशाची_लेक

माझी आई आशा आहे, तिच्यासाठी विचारतेय. तिच्या गावात सिकलसेलची तपासणी झाली त्यात बऱ्याच मुलींना वाहक सांगितलंय. त्यांना पण माला-एन द्यायची नाही का? आई आजपासून सगळ्यांची बंद करायला निघाली होती, मी थांबवलं.

—

गडचिरोली_मित्र

बरं झालं थांबवलंत. वर लिहिलेले आकडे सिकलसेल आजाराचे आहेत, म्हणजे रिपोर्टवर एसएस किंवा तशा पीडित प्रकारांसाठी. वाहक म्हणजे एएस, त्यांच्यासाठी तो ४ नाही, त्यांची गोळी केवळ वाहक आहे म्हणून बंद करू नका. बाकी बीपी, अर्धशिशी वगैरे सगळ्यांना विचारतो तसं विचारा. आईंना सांगा रिपोर्टवरची दोन अक्षरं वहीत नावापुढे लिहून ठेवा, आणि ज्या मुलीचा रिपोर्ट हरवलाय तिला पीएचसीत पाठवा, परत तपासणी फुकट होते.